फाईल सध्या किशनरावांकडे

१

सोमवारी साडेदहाला धम्मशीलाताई हापिसात आल्या. खुर्ची दिली, बसल्या नाहीत.

"शुक्रवारी कोर्टात सरकारकडून एक माणूस नव्हता," म्हणाल्या. "तीनदा पुकारा झाला. मागच्या बाकावर मी एकटी. तुमी सगळे होता कुठं?"

ताई बोरीकडच्या एका वस्तीत अंगणवाडी चालवतात. वस्तीचा मसणवटा आहे, वीस गुंठ्यांचा, लिंबाची चार झाडं. शेजारच्या जमीनवाल्यानं दावा लावलाय की ती जागा त्याची. दावा सरकारवर, म्हणून तो लढायचं काम आमच्या सरकारी दावे कक्षाचं. परभणीत दोन खोल्यांचं हापिस आहे ते. मी तिथं कंत्राटावर ऑपरेटर. 'दावादर्शक' नावाचं सॉफ्टवेअर आहे, सगळ्या दाव्यांच्या तारखा आणि फायली त्यात. ते मी सांभाळतो.

मी स्क्रीन उघडली. "ताई, तारीख अठ्ठावीस आहे की."

"आठ होती. कोर्टाच्या फळ्यावर आठच लिहिलेली."

"इथं अठ्ठावीस दिसायलीय."

"तुमच्या डब्यात काय दिसतंय त्याच्यावर जज चालत नाहीत बालाजी."

खरं होतं. कोर्टानं गुरुवारपर्यंत शेवटची संधी दिली होती. न येण्याचं कारण शपथेवर द्यायचं आणि कागद हजर करायचा. कागद म्हणजे १९५४ सालचं खासरा पाहणी पत्रक. हैदराबाद राज्य असताना जमिनीची जी पाहणी झाली, त्यात ह्या जागेसमोर मसणवटा लिहिलंय. तहसीलमधलं मूळ पान ओलीनं गळून गेलं. त्याची शिक्क्याची नक्कल जगात एकच, आमच्या फायलीत. गुरुवारी ती दिली नाही तर सरकारचा पुरावा बंद.

"आईनं शुक्रवारपासून भाकर सोडलीय," ताई म्हणाल्या. आवाज सरळ होता, हजेरी घेतल्यासारखा. "म्हणती, गुरुवारच्या आत जाते. म्हंजे तुज्या बापाशेजारी जाळता येईल मला. मागून तारेचं कुंपण पडल."

मी तारखेवर क्लिक केलं. कोणी कधी काय बदललं, त्याची नोंद आत राहते.

एकच ओळ होती.

'किशनराव यांनी तारीख बदलली. बुधवार, दुपारी १:१२.'

म्हणजे दीड आठवड्यामागचा बुधवार. किशनराव जानेवारीत वारले. मी स्वतः मातीला गेलो होतो.

२

किशनराव आमचे मोठे क्लार्क. शेवटची दोन वर्षं त्यांना लकवा होता. गावाकडं असायचे, राणीसावरगावला. पण दाव्यातलं त्यांच्याइतकं कोणाला कळत नव्हतं, म्हणून साहेबांनी सोय केलेली. फाईल बसनं जायची, टिपणी लिहून आठवड्यानं परत यायची. गेले त्या दिवशी हे सगळं थांबलं, असं आमी धरून चाललो होतो.

लॉगिन मात्र थांबलं नव्हतं. त्याचं कारण सांगतो. दावादर्शकच्या एका लॉगिनचा वर्षाचा खर्च एकोणीस हजार. आमी सात घेतलेली. वापर कमी दिसला तर वरून विचारतात, घेतलीच कशाला. दर गुरुवारी सकाळी आढावा असतो, प्रत्येक लॉगिनसमोर हिरवा नाहीतर लाल शेरा. आमचा कायम हिरवा. एकदाच लाल आला होता, उन्हाळ्यात. साहेब पुतणीच्या साखरपुड्याला पिंगळीला गेले होते, तोच आठवडा, म्हणून आमचा जीव वाचला.

किशनरावांचा पासवर्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. कोणीही उघडावं.

साहेब म्हणजे व्यंकटराव. त्यांना नोंद दाखवली. ते चष्मा काढून बघत बसले.

"तूच काहीतरी केलं असशील," म्हणाले. "तुला आतलं सगळं बदलता येतं."

"मला आलं असतं तर नाव तरी जित्त्या माणसाचं टाकलं असतं साहेब."

योगीराज वकील तेवढ्यात आले. आमच्याकडून कोर्टात तेच उभे राहतात. ताईंनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. योगीराजांचं गाव त्या जमीनवाल्याच्या गावाला लागून. वस्तीत बोललं जात होतं की वकील फुटला.

"मला यादी दावादर्शकातून येते," वकील म्हणाले. "यादीत नाव नव्हतं, मी गेलो नाही. कोर्टाची साइट बघत जाऊ का? मग हे कशाला घेतलं?"

"ते राहू द्या. आधी फाईल काढा," साहेब म्हणाले.

कपाट उघडलं. बोरीची जागा रिकामी. दोन फायलींच्या मधी बोटभर फट, आत धूळ नाही. सगळी कपाटं झाली, पोटमाळा झाला, साहेबांच्या टेबलाखालचे गठ्ठे झाले. दीड वाजला.

मग प्रियांका म्हणाली, "दावादर्शकात बघ ना, फाईल कोणाकडं दाखवतंय."

प्रियांका आमची दुसरी क्लार्क. मी बघितलं. मग खुर्ची थोडी बाजूला घेतली, तिला दिसावं म्हणून. मोठ्यानं वाचायची माझी इच्छा नव्हती.

'फाईल सध्या: किशनराव यांच्याकडे.'

३

साहेब आत गेल्यावर प्रियांकानं मला खिडकीपाशी बोलावलं. हातात दुसऱ्याच दाव्याची फाईल.

"कोणाला सांगू नको. मला वेड लागलंय म्हणतील."

शेवटचं पान उलटलं. हातानं लिहिलेली टिपणी, निळी शाई. गोल, टपोरं, एका रेषेत चालणारं अक्षर. ते आमच्या हापिसात सगळ्यांना माहीत होतं. दोन वर्षं राणीसावरगावहून हेच अक्षर यायचं.

खाली सही, किशनराव. तारीख जूनची.

"जून," मी म्हणालो.

"माझ्याकडं अशा अकरा आहेत. मार्चपासून. मला वाटायचं जुन्याच असतील, मीच नीट बघत नाही. मग एकीत यंदाच्या मे महिन्यातल्या मोजणीचा उल्लेख निघाला." तिनं फाईल मिटली. "आणि टिपण्या बरोबर आहेत रे. दोन दावे आपण त्याच्यावरच जिंकलोत."

बाहेर ऊन पडलेलं. पंखा चालू. तरी मला मानेवर कोणीतरी फुंकल्यासारखं झालं.

दत्तरावमामा तेवढ्यात टपाल घेऊन आले. मामा आमचे शिपाई, फेब्रुवारीत जिंतूरहून बदलून आलेले. पन्नाशीचा माणूस, गळ्यात माळ, सांगितलं तेवढं करणार आणि सांगितल्याशिवाय काडी हलवणार नाही. आमच्या दोघांची तोंडं बघून थांबले.

"काय हुडकायलात सकाळधरनं?"

"बोरीची फाईल मामा."

"ती व्हय," मामा म्हणाले. "ती दिली की किशनरावाकडं."

प्रियांकाच्या हातातली फाईल खाली पडली.

"कोणाकडं?"

"किशनरावाकडं. दर बुधवारी देतो. तुमालाच म्हाईत न्हाई का?"

साहेब दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. चेहरा पार उतरला, आणि ज्या माणसाचा चेहरा उतरतो तो ओरडतो. "पिऊन येता का हापिसात? घरी जा. आत्ताच्या आत्ता."

मामांनी टपालाची थैली टेबलावर ठेवली. माळेला हात लावला. निघून गेले. मी मागं पळालो तर ते जिंतूरच्या जीपमधी बसलेले. फोन लावला, बंद.

४

मंगळवारी मी मनकर्णाबाईंना घेऊन आलो.

बाईंनी आमच्या विभागाची रेकॉर्ड रूम बत्तीस वर्षं सांभाळली. आता रिटायर. हरवलेली फाईल हुडकायला अजून तालुक्याचे लोक त्यांच्या दारात येतात. त्या स्वतःची उशी घेऊन आल्या, खुर्चीवर टाकली, मग बसल्या.

"सरकारी खुर्ची माज्या कंबरेला लागती आता," म्हणाल्या. "सांग. आधी भूत सांग, मग माणसं सांग."

मी सांगितलं. मग त्यांनी एकेकाला बोलावलं.

योगीराज वकील उभ्यानंच बोलले. "बुधवारी एक ते दोन मी कोर्टात असतो. बाररूममधी वीस माणसं बघतात मला. पाहिजे तर विचारा."

"इचारते. तुमच्या गावात लोक काय म्हणतात त्ये ठाऊक हाय ना?"

"ठाऊक आहे. त्या जमीनवाल्याच्या भावानं माझ्या बापाला चावडीवर मारलं होतं, हे पण लोकांना ठाऊक आहे. ते कोणी म्हणत नाही."

बाईंनी मान हलवली. पुढची प्रियांका.

"दर बुधवारी दुपारी मी घरी जाते. सासूबाईंना त्या दिवशी डायलिसिसला नेतात, पोरीजवळ कोणी नसतं. अडीचला येते."

"त्या बुधवारी काय इशेष झालं?"

"मी नव्हतेच बाई. आले तेव्हा लाईट गेलेली होती, दुपारपासून. बॅटरीचा डबा तर सहा महिने मेलेलाच आहे. साहेब कलेक्टर हापिसला गेलेले. मामा एकटे दारात बसलेले."

"आन बालाजी, तू?"

"मी जेवायला स्टँडवर जातो. रोज."

"रोज काय खातोस?"

"पोहे."

"म्हणून वाळलास."

मग प्रियांकाच्या अकरा फायली टेबलावर मांडून घेतल्या. बाई वाचत नव्हत्या. हातानं चाचपत होत्या. अंगठा कडेवरून फिरवायच्या, पान नाकाशी न्यायच्या. एका फायलीवर थांबल्या.

"ही कशानं बांधलीय?"

फाईल बांधायची लाल लेस असते. ह्या फायलीची तुटली असणार, तिच्याजागी हिरव्या कापडाची पट्टी होती. बारीक जर असलेली.

"ह्यो लुगड्याचा काठ हाय," बाई म्हणाल्या. "मेलेला माणूस टिपणी लिहील एक वेळ. काठ फाडून गाठ मारत न्हाई बसणार."

मला जरा बरं वाटलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "बालाजी, किशनरावाच्या नावानं ह्या सहा महिन्यात जेवढं झालं, तेवढं समदं कागदावर काढ. आन ह्या हापिसातली दहा वर्षांमागची एक मिसल आण. कोणची बी, पण किशनरावानं लिहिलेली पायजे."

बाई फायलीला मिसलच म्हणतात.

मी दोन्ही आणलं. बाईंनी जुनी फाईल उघडली, एक पान बघितलं आणि मिटली.

"साहेबाला बोलाव," म्हणाल्या. "आन दार लाव."

५

छापलेले कागद टेबलभर पसरलेले. व्यंकटराव समोर बसले. मी आणि प्रियांका उभे.

"बावीस बुधवार," बाई म्हणाल्या. "एक सोडला तर दर बुधवारी किशनराव उगवतो. दुपारी एक ते दीड. दर वेळी चार कामं करतो. फाईल सोताकडं घेतो. तारीख वीस दिवस पुढं ढकलतो. तारीख परत मागं आणतो. फाईल परत कपाटात टाकतो. पाच मिनटात खेळ खलास. वीस वेळा असं झालंय. बोरीच्या बाबतीत फकस्त पहिली दोन झाली."

साहेब कागदाकडं बघत होते.

"ज्याला मसणवटा बुडवायचा हाय त्यो एवढा खेळ करत न्हाई. चोर वीस वेळा चोरून वीस वेळा जागेवर ठेवत नसतो. बालाजी, असं पुढंमागं केल्यानं काय होतं?"

"काहीच नाही बाई. फक्त वापर दिसतो."

बोललो आणि माझंच मला ऐकू आलं.

"वापर गुरुवारी बघतात," बाई म्हणाल्या. "म्हणून ह्यो बुधवारी उगवतो. आता त्यो एक रिकामा बुधवार बघ. कोणता हाय?"

मी तारीख बघितली. उन्हाळ्यातली. दुसऱ्या दिवशी आमाला लाल शेरा आला होता. तोच आठवडा, पिंगळीचा साखरपुडा.

मी साहेबांकडं बघितलं नाही. प्रियांकानं बघितलं.

व्यंकटरावांनी समोरचे कागद एकावर एक रचले. मग बोलले ते खालच्या आवाजात. "सात लॉगिनची मागणी माझ्या सहीनं गेलेली. किशनराव गेले. एक बंद केलं तर विचारणार, सात कशाला घेतले. परत केलं तर पुढचा क्लार्क आल्यावर मिळणार नाही. म्हणून चालू ठेवलं. यादीत वरून एकेक दावा घ्यायचो. तारीख लगेच मागं घेत होतो मनकर्णाबाई. लगेच."

"आन त्या बुधवारी?"

"लाईट गेली. तेवढ्यात कलेक्टर हापिसातून फोन आला. गेलो. डोक्यातून गेलं."

"शुक्रवारी तरी आठवायचं."

"शुक्रवारी मी स्क्रीन बघितली," साहेब म्हणाले. "स्क्रीनवर अठ्ठावीस होती."

आपणच खोटं लिहायचं आणि नऊ दिवसांनी तेच वाचून खरं मानायचं. मला हसू यायला पाहिजे होतं, आलं नाही. पलीकडं एक म्हातारी पाचव्या दिवशी उपाशी होती.

"पण फाईल मी हलवली नाही," साहेब एकदम म्हणाले. "आईशप्पथ. मी फक्त कॉम्प्युटरवर नाव टाकायचो. कपाटाला हात लावला नाही. आणि ह्या टिपण्या..." त्यांनी टेबलावरच्या निळ्या शाईकडं बघितलं आणि खुर्ची मागं सारली. "ह्या माझ्या नाहीत. हे किशनरावांचं अक्षर आहे."

"न्हाई," बाई म्हणाल्या.

त्यांनी दहा वर्षांमागची फाईल उघडून समोर ठेवली. त्यातली टिपणी खेकडा चालून गेल्यासारखी. एक अक्षर दुसऱ्याच्या अंगावर पडलेलं, ओळ तिरकी. खाली सही, किशनराव.

"हे किशनरावाचं अक्षर. वीस वर्षं मी ह्ये वाचून डोळे बिघडवले. तुमी नंतर आलात, तुमाला फकस्त शेवटची दोन वर्षं ठाव. लकवा झाला आन माणसाचं अक्षर सुधारलं, असं कुठं बघितलंय का?"

प्रियांका खाली वाकून दोन्ही पानं बघायली. "म्हणजे ते जिवंत होते तेव्हापण हे..."

"तवा बी दुसरंच कोणीतरी लिहीत होतं. आन ज्यो कोणी हाय, त्यो मेलेला न्हाई." बाईंनी उशी काखेत मारली. "साहेब, उद्या सकाळी गाडी काढा. राणीसावरगावला जायचंय."

६

गंगाखेड सोडलं आणि माझा फोन वाजला. दत्तरावमामा. आवाजात राग होता अजून.

"साहेबाला सांगा, मी पेत न्हाई. मी आलो तवा जुन्या शिपायानं मला चार्ज दिला. सांगितलं, कॉम्प्युटरवर फाईल कोणाच्या नावावर टाकली की पिंट्रातून आपोआप चिठ्ठी निघती. चिठ्ठीवर किशनराव आलं की फाईल सव्वादोनच्या राणीसावरगाव गाडीत कंडक्टरकडं द्यायची. परतीची चिठ्ठी असंल तर पुढल्या बुधवारी उतरून घ्यायची. मी तेच केलं. ते वारलेत ह्ये मला कोणी सांगितलं न्हाई."

"आणि बोरीची?"

"परतीची चिठ्ठी निघालीच न्हाई. लाईट गेली हुती न्हवं का. चिठ्ठी न्हाई तर मी कशी मागू?"

साहेब गाडी चालवत ऐकत होते. "मामाला म्हणावं, माझं चुकलं," म्हणाले.

मी सांगितलं. पलीकडून मामा म्हणाले, "ते त्यांनी सोता म्हणावं," आणि फोन बंद.

घर पत्र्याचं, दोन खोल्या. दार उघडं होतं. आमी अंगणात पोचलो आणि सगळेच थांबलो. आत कोणीतरी वाचत होतं. बाईचा आवाज, एकसुरी.

"प्रतिवादी क्रमांक एक तर्फे निवेदन की, सदर जागा पूर्वापार मसणवटा असून..."

आवाज थांबला. मग विचारलं, "बरोबर हाय का?"

उत्तर कोणी दिलं नाही. पण तेवढी जागा सोडली, उत्तर ऐकल्यासारखी. मग म्हणाली, "बरं. 'असून' शब्द काढते," आणि पुढं वाचायली.

साहेबांनी माझा दंड धरलेला. दुखला.

मनकर्णाबाई सरळ आत गेल्या. भिंतीला किशनरावांचा फोटो. खाली पाट, पाटावर बोरीची फाईल. समोर मांडी घालून पन्नाशीची बाई, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली. किशनरावांची बायको, केशरबाई.

"कोणाला वाचून दाखवायलीस केशर?"

"त्यांनाच," केशरबाई म्हणाल्या. दचकल्या नाहीत. "दोन वर्ष तेंनी पडल्या पडल्या ऐकलं. वाचल्याबिगर माझं मला चुकलेलं दिसत न्हाई आता."

पाणी दिलं. मग सांगितलं. लग्नाच्या आधी दहावी झालेल्या. लकवा झाल्यावर नवरा बोलायचा, त्या लिहायच्या. पहिल्या वर्षी तो सांगायचा. दुसऱ्या वर्षी त्याची जीभ जड झाली, मग त्याच वाचायच्या, त्याच लिहायच्या, तो नुसती मान हलवायचा. सही पण त्यांनीच गिरवलेली.

"गेल्यावर सांगायचं ना हापिसाला," साहेब म्हणाले.

"साहेब, मयताचा दाखला मी तुमच्या हातात दिला. तेच्या नंतर मार्चात गाडीत फाईल आली, चिठ्ठीवर तेंचं नाव. मला वाटलं, हापिसाला ठाव हाय कोण लिहितंय. दोन वर्ष मी लिहिलं तवा कोणी इचारलं न्हाई. मेल्यावर इचारतील असं मला कसं वाटल?"

"ही परत का पाठवली नाही?" मी विचारलं.

त्यांनी चिठ्ठी दाखवली. पुढील तारीख: २८. "टाईम हुता म्हणून नीट लिहायले. ह्ये बघा." फायलीतून एक जुना कागद काढला. पाहणी पत्रक नव्हतं, ते आत शाबूत होतं. दावा लावणाऱ्या माणसानं चाळीस वर्षांमागं जमीन घेतली, त्या खरेदीखताची नक्कल. त्यानंच दाव्यासोबत जोडलेली. केशरबाईंनी एका ओळीखाली पेन्सिलनं रेघ ओढलेली. चारी बाजूला काय काय आहे ते लिहिलं होतं. पूर्वेस ओढा. पश्चिमेस मसणवटा.

"जमीन घेताना सोता लिहून घेतलंय, माज्या बांधाच्या पलीकडं मसणवटा हाय. आन आता म्हणतोय मसणवटा न्हवताच. कोणी वाचलं न्हाई का ह्ये?"

हापिसात सात लॉगिन होती. कोणी वाचलं नव्हतं.

साहेबांनी तिथूनच योगीराज वकिलांना फोन लावला. वकील म्हणाले, टाईप करत बसू नका, हातानं लिहून आणा, उद्या अकराला पुकारा आहे. केशरबाईंनी कोरा कागद घेतला. साहेब सांगायले.

"शपथेवर लिहून देतो की, मयत कर्मचारी किशनराव यांच्या लॉगिनमधून अनवधानाने..."

पेन थांबलं.

"तेंच्यावर नका घालू," केशरबाई म्हणाल्या. वर बघितलं नाही. "ते जानेवारीत गेले."

अंगणात कोंबडी खरडत होती. मनकर्णाबाई छताकडं बघत होत्या. असं लिहिलं असतं तर कोणाचंच काही गेलं नसतं, हे आमाला चौघांनाही कळत होतं. साहेबांची चार वर्षं राहिलेली नोकरीची.

"खोडा ते," साहेब म्हणाले. "लिहा. मी, व्यंकटराव, स्वतः ती तारीख बदलली."

सगळं लिहून झाल्यावर खाली बकलम आलं. म्हणजे हा कागद ज्याच्या हातचा, त्याचं नाव. केशरबाईंनी पेन टेकवलं आणि थांबल्या. दोन पानं झरझर लिहिलेला हात तिथं अडला. मग स्वतःचं नाव लिहिलं. पहिलीतल्या पोरीनं काढावं तसं वाकडंतिकडं.

७

गुरुवारी सकाळी साहेबांनी मला किशनरावांचं लॉगिन बंद करायला लावलं. सगळ्या नोंदी आधी छापून घेतल्या. बटण दाबलं तर स्क्रीननं विचारलं, 'वापरकर्त्यास कळवायचे आहे का?' होय किंवा नाही. मी थोडा वेळ बसून राहिलो. साहेब मागून म्हणाले, "'नाही' दाब." दाबलं. नाव करडं झालं आणि गेलं.

अकराला पुकारा झाला. योगीराज वकिलांनी पत्रक दिलं, शपथपत्र दिलं. जज वाचत बसले. एकदा वर बघितलं, परत पहिल्यापासून वाचलं.

"पाच महिने मयत माणूस तुमच्या कक्षात काम करत होता?"

"होय साहेब," व्यंकटराव म्हणाले. "माझ्यामुळं."

"आणि त्यामुळं शुक्रवारी जिवंत माणूस आला नाही."

"होय."

जजसाहेबांनी पान उलटलं. "बकलम केशरबाई. ह्या कोण?"

मागच्या बाकावर धम्मशीलाताईंच्या शेजारी केशरबाई बसलेल्या. उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला. "मी साहेब."

"अक्षर चांगलं आहे. सही सोडून."

कोर्टात दोघंतिघं हसले. त्या पण.

मग योगीराज उठले आणि खरेदीखतातली ती ओळ वाचली. समोरच्या वकिलानं स्वतःच्या पक्षकाराकडं बघितलं. पक्षकारानं खिडकीबाहेर बघितलं. समोरच्यांनी मुदत मागितली. जजनी दिली, पण लिहून घेतलं की निकालापर्यंत त्या जागेवर कुंपण नाही, नांगर नाही, वस्तीच्या वापराला कोणी आडवं यायचं नाही. पत्रक दाखल झालं. शुक्रवारचं न येणं माफ. व्यंकटरावांबद्दल वरच्या हापिसाला कळवायचं. साहेबांनी ते उभं राहून ऐकलं.

बाहेर व्हरांड्यात ताईंनी घरी फोन लावला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. शेजारणीनं उचलला, मग म्हातारीच्या कानाशी धरला असणार. श्वास ऐकू यायला लागला. लांब, कोरडा, मधी मधी थांबणारा.

"आई, ऐकायलीस का? जागा ऱ्हायली. कुंपण पडत न्हाई."

श्वास थांबला. आमी सगळे त्या फोनकडं बघत उभे. साहेब, केशरबाई, उशी काखेत घेतलेल्या मनकर्णाबाई. पोलिसानं रस्ता द्या म्हटलं, कोणी हललं नाही.

मग आवाज आला, बारीक, जरा चिडलेला.

"नक्की ना गं?"

"नक्की आई. कागद हाय माज्याकडं."

"मग भाकर टाकायला सांग हिला," म्हातारी म्हणाली. "मला आता घाई न्हाई."